वाचकांचे प्रश्न : मुलींच्या स्वच्छतागृहाचे कुलूप आणि कामगारांचे मागणीपत्र

पुणे महापालिकेच्या शाळांमधील सफाई ठेक्याने का करवून घेतली जाते, असा प्रश्न मागील अंकात एका वाचकाने विचारला होता आणि त्याला मी थोडक्यात उत्तर दिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांवरून दिसते की हा प्रश्न अनेक घरांत वेगवेगळ्या बाजूंनी पोहोचलेला आहे. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. काही पत्रे लांब होती, त्यांचा गाभा तेवढा ठेवला आहे आणि लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमची मुलगी महापालिकेच्या शाळेत सहावीत आहे. ठेकेदाराने दोन महिन्यांचा पगार थकवला म्हणून शाळेतील सफाईच्या बायकांनी मध्यंतरी चार दिवस काम बंद ठेवले. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप लागले. मुली सकाळपासून पाणी पिणे टाळत होत्या आणि आमची मुलगी दुसऱ्या दिवशी पोट दुखते म्हणून घरीच राहिली. संघटनेने फाटकावर लावलेल्या फलकात पगाराविषयी सगळे होते, मुलींविषयी एक अक्षर नव्हते. अशा संघटनेला आम्ही पालकांनी पाठिंबा का द्यावा? — एक आई, धनकवडी

उत्तर : आपला राग रास्त आहे. तीस वर्षे कामगार संघटनांबरोबर काम केल्यानंतरही मी हेच म्हणेन की मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप लावणे चूक होते. काम बंद ठेवायचेच होते, तर पटांगण झाडणे थांबवता आले असते, कार्यालयाची सफाई थांबवता आली असती. स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी या दोन गोष्टी वगळून आंदोलन करता येते आणि तसे करणाऱ्या संघटना मी पाहिल्या आहेत. फलकावर मुलींविषयी एक ओळ नसणे, ही त्याहून मोठी चूक आहे, कारण पालकांच्या मनात जी अढी बसली ती त्या न लिहिलेल्या ओळीमुळे बसली.

तरीही पाठिंब्याच्या प्रश्नाचे माझे उत्तर 'द्यावा' असेच आहे. त्याचे कारण एका प्रसंगातून सांगते. काही काळापूर्वी मी शहराच्या पूर्व भागातील एका शाळेत गेले होते. तिसऱ्या मजल्यावरील मुलींच्या स्वच्छतागृहाच्या एका दाराची कडी तुटली होती. आतून कोणीतरी खिळा ठोकून त्याला सुतळी बांधली होती आणि ती सुतळी हातात धरून मुली आत जात होत्या. हे कोणी केले, असे विचारल्यावर सफाईचे काम करणाऱ्या बाई पुढे आल्या. खिळा आणि सुतळी त्यांनी घरून आणली होती. कडी तुटल्याचे त्यांनी मुकादमाला तीनदा सांगितले होते. मुकादमाचा कामाचा तक्ता मी मागून घेतला. त्यात रकाने तीन होते : झाडणे, पुसणे, फिनेल. तुटलेली कडी लिहायला रकानाच नव्हता. शाळेतील कोणता नळ गळतो, कोणत्या जिन्यात दिवा नाही, कोणत्या कोपऱ्यात मोठी मुले लहानांना अडवतात, हे सर्वांत आधी कळते ते सफाई करणाऱ्या बाईला आणि फाटकावरील रखवालदाराला. ज्यांना इतके कळते त्यांची नोकरी अकरा महिन्यांच्या कागदावर लटकत असेल, तर ती माहिती त्यांच्या तोंडातून बाहेर पडत नाही. म्हणून त्यांच्या पगाराचा प्रश्न आपल्या मुलीच्या सुरक्षिततेपासून वेगळा काढता येत नाही.

आता कायद्याची बाजू पाहू. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेची मानके दिलेली आहेत. सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, सर्व मुलांना पुरेसे आणि सुरक्षित पिण्याचे पाणी, खेळाचे मैदान आणि कुंपण किंवा संरक्षक भिंत यांचा त्यांत समावेश आहे. महापालिकेच्या शाळेत ही मानके पाळण्याची जबाबदारी महापालिकेची आहे, ठेकेदाराची नाही. दुसऱ्या बाजूला, ठेकेदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ज्याने ठेका दिला त्याच्यावर येते. आपल्या शाळेच्या बाबतीत तोही महापालिकाच. आपली मुलगी आणि ती सफाईची बाई एकाच दारासमोर उभ्या आहेत आणि ठेकेदार मात्र मधल्या मध्ये दोघींनाही दिसेनासा होतो.

शिक्षणहक्क कायद्यानुसारच शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपण समितीच्या सभासद नसाल तर जी आई सभासद आहे तिला गाठा आणि पुढील बैठकीत तीन गोष्टींचा ठराव करून घ्या. सफाईच्या ठेक्याच्या करारनाम्याची प्रत शाळेत ठेवावी. वेतन कोणत्या महिन्यापर्यंत दिले गेले, याची नोंद दरमहा समितीसमोर यावी. आणि काम बंद ठेवण्याची वेळ आलीच, तर स्वच्छतागृहे आणि पाणी सुरू राहील, असे लेखी आश्वासन संघटनेने द्यावे. या बैठकीला संघटनेच्या प्रतिनिधीला बोलवा. पगार थकल्याची कल्पना पालकांना आधीच्या महिन्यात असती, तर चौथ्या दिवशी फाटकावर भांडण होण्याऐवजी पहिल्याच आठवड्यात क्षेत्रीय कार्यालयात दोघांच्या सह्यांचे पत्र गेले असते.

प्रश्न : ताई, मी येरवडा भागातील एका शाळेत आठ वर्षे ठेक्यावर सफाईचे काम करते. या काळात तीन ठेकेदार बदलले. शाळा तीच, काम तेच, मीही तीच. पण दर वेळी नवा ठेकेदार पोलीस पडताळणीचा नवा दाखला मागतो आणि त्यासाठी माझा दिवस मोडतो, पदरचे पैसे जातात. बदलापूरच्या घटनेनंतर पालक आमच्याकडे संशयाने पाहतात. तळमजल्यावर वर्गाबाहेरचा विजेचा बोर्ड उघडा आहे आणि पावसात त्या भिंतीला ओल येते. बाईंना सांगितले तर त्या म्हणतात वर कळवले आहे. मुकादम म्हणतो, तू झाडायचे बघ. जास्त बोलले तर कामावरून काढतील अशी भीती आहे. आम्ही नऊ जणी आहोत. आमची संघटना होऊ शकते का? — एक सफाई कामगार

उत्तर : ताई, आपले पत्र मी दोनदा वाचले. उघड्या बोर्डाविषयी आपण ज्या काळजीने लिहिले आहे, ती काळजी घेण्याचे काम आपल्या वेतनात धरलेले नाही आणि तरी आपण ते करता आहात.

प्रथम पडताळणीविषयी. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला आणि त्या गुन्ह्यात पकडला गेलेला आरोपी शाळेतील ठेक्यावरचा सफाई कर्मचारी होता. त्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ रोजी राज्य शासनाने जो निर्णय काढला, त्यात शाळांमध्ये सीसीटीव्ही कॅमेरे, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आणि कर्मचाऱ्यांची, त्यांत बाहेरून घेतलेले कर्मचारीही आले, पार्श्वभूमी तपासणे या गोष्टी सांगितल्या आहेत. पडताळणी झालीच पाहिजे. मुलांच्या शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाची झाली पाहिजे आणि आपण ती आनंदाने करू द्यावी. पण तिचा खर्च आणि बुडालेला रोज कामगाराच्या अंगावर टाकण्याचे कारण नाही. तो ठेकेदाराने भरावा आणि ठेकेदार बदलला तरी दाखल्याची मुदत संपेपर्यंत तोच दाखला शाळेने ग्राह्य धरावा, ही मागणी अगदी वाजवी आहे. उलट माझा आक्षेप वेगळ्याच ठिकाणी आहे. दर एक-दोन वर्षांनी ठेकेदार बदलायचा, त्याने स्वस्तात मिळतील ती माणसे आणायची, आज आलेला माणूस उद्या दुसऱ्या शाळेत पाठवायचा आणि मग त्या नवख्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखायचा, याला सुरक्षितता म्हणता येत नाही. आठ वर्षे त्याच शाळेत काम करणारी, मुलांना नावाने ओळखणारी बाई ही शाळेची सुरक्षितता आहे. आपल्या संघटनेने हे पालकांना स्वतः जाऊन सांगितले पाहिजे, कारण पालक ते मनाने ओळखतात, पण त्यांना कोणी सांगितलेले नसते.

एक जबाबदारी मात्र आपल्यावरही आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे ज्याला कळेल, त्याने ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शाळेने गप्प राहायला सांगितले तरी हे बंधन सुटत नाही. १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी कळवता येते. आपल्या नऊ जणींपैकी प्रत्येकीला हा क्रमांक पाठ असावा.

आता संघटनेविषयी. नोंदणीसाठी किमान सात कामगार अर्ज करू शकतात. मात्र त्या आस्थापनेतील कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके सभासद असावे लागतात. २००१ च्या दुरुस्तीने आलेली ही अट नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. ठेकेदाराकडे आपल्यासारख्या अनेक शाळांतील बायका असतील, तर नऊ जणी पुरणार नाहीत. म्हणून माझा सल्ला असा, की वेगळी संघटना काढण्यापेक्षा महापालिकेतील ठेका कामगारांचे काम करणाऱ्या एखाद्या जुन्या संघटनेत सगळ्या जणींनी एकदम सभासद व्हावे. एकटीने जाऊ नये. सभासदत्वाची पावती जपून ठेवावी.

तोवर घरी करण्यासारखे काम आहे. आपला यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या (पीएफ) खात्याचा कायमचा क्रमांक मिळवून पीएफचे पासबुक पाहावे. वेतनातून बारा टक्के कापले जात असतील, तर तितकीच भर मालकाची असली पाहिजे. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेसाठी आपले पाऊण टक्का कापतात आणि सव्वातीन टक्के मालकाने भरायचे असतात. महिना एकवीस हजार रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्याला ही योजना लागू आहे. आठ वर्षांत तीन ठेकेदार झाले, म्हणजे पीएफच्या नोंदी तीन ठिकाणी विखुरलेल्या असण्याची शक्यता आहे. त्या एकत्र करून घ्याव्यात. त्या नोंदी म्हणजे आपण आठ वर्षे हेच काम करीत असल्याचा पुरावा आहे.

आपण कायम होण्याविषयी विचारलेले नाही, पण ते मनात असणारच. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारच्या एका कार्यालयात अनेक वर्षे तात्पुरत्या म्हणून राबलेल्या सफाई कामगार स्त्रियांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला. काम बारमाही आणि आवश्यक असताना माणसाला वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे आणि नंतर तेच काम ठेक्याने देणे न्यायालयाला मान्य झाले नाही. त्या कामगारांना कार्यालयाने थेट ठेवले होते आणि आपण ठेकेदारामार्फत आहात, हा फरक लहान नाही. म्हणून या निर्णयावर उद्याच आशा बांधू नका. तरी शाळेची सफाई हे बारमाही काम आहे, हा मुद्दा संघटनेने पहिल्या दिवसापासून कागदावर आणावा.

उघड्या बोर्डाचे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. आपल्या नावाने तक्रार देऊ नका. बोर्डाचा फोटो, दिनांक आणि वर्गाची खोली लिहून तो शाळा व्यवस्थापन समितीतील एखाद्या पालकाच्या हाती द्या. पालकाला कोणी कामावरून काढू शकत नाही. आणि हे उत्तर छापून येण्याची वाट पाहू नका. आपल्या पत्त्यावर मी स्वतंत्रपणे लिहिले आहे.

प्रश्न : कामगार संघटनांनी वेतन, भत्ते, रजा यांपुरते बोलावे. घाणभत्ता, बोनस, वारसाहक्काने मिळणारी नोकरी हे त्यांचे विषय. शाळेची इमारत, मुलांची सुरक्षितता, शहरातील सेवा हे विषय नगरसेवकांचे आणि प्रशासनाचे आहेत. संघटनांनी त्यात शिरणे म्हणजे मागण्यांना सोज्ज्वळ मुलामा देणे होय, असे मला प्रामाणिकपणे वाटते. — एक निवृत्त अधिकारी, सदाशिव पेठ

उत्तर : आपल्या आक्षेपात तथ्याचा एक अंश आहे. आंदोलनाच्या आठवड्यापुरती नागरिकांची आठवण काढणाऱ्या आणि करार झाला की ती विसरणाऱ्या संघटना या शहराने पाहिल्या आहेत आणि त्यांच्यामुळेच वरच्या पत्रातील आईला तो प्रश्न विचारावासा वाटला. पण विषयांची जी वाटणी आपण केली आहे, ती आपल्याकडील कामगार चळवळीच्या इतिहासात आढळत नाही.

'दीनबंधु' हे पत्र १८७७ साली पुण्यात सुरू झाले आणि १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईहून चालवले. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते असलेल्या याच लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार आणि अपघातात जखमी झालेल्याला भरपाई या मागण्या त्यात होत्या. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा हे कामगारांचे पुढारी रुग्णसेवेत उतरले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने गेले. पुढच्याच महिन्यात, १० मार्च रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना वारल्या. एक गिरणी कामगारांचे पुढारी, दुसऱ्या मुलींच्या शिक्षिका. सार्वजनिक आरोग्य हा आपला विषय नाही, असे दोघांपैकी कोणालाही वाटले नाही.

जोतीराव फुले स्वतः १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या भेटीनिमित्त शहर सजवण्यासाठी हजार रुपये खर्चण्याला त्यांनी विरोध केला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असा आग्रह धरला. शिक्षणाविषयी नेमलेल्या हंटर आयोगापुढील १८८२ च्या निवेदनात त्यांनी वयाच्या निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली आणि त्याच निवेदनात शिक्षकांचा पगार किती असावा तेही लिहिले : प्रशिक्षित शिक्षकाला बारा रुपयांहून कमी नको आणि मोठ्या गावांत पंधरा-वीस रुपये असावा. शाळा चांगली हवी, तर तिच्यात काम करणाऱ्याचे वेतन नीट हवे, ही गोष्ट त्यांना इतकी उघड वाटली की दोन्ही मागण्या त्यांनी एकाच कागदावर मांडल्या. मी तेच म्हणते आहे.

जवळच्या काळातले पाहायचे, तर आपल्या पेठेपासून फार लांब जावे लागणार नाही. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली. स्वस्त आणि ताजे जेवण हमालाला मिळावे म्हणून सुरू झालेल्या त्या केंद्रांवर पुढे रिक्षावाले, विद्यार्थी, बाहेरगावचे लोक सगळेच जेवू लागले. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना झाली. तिच्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून तिने घरोघरचा कचरा गोळा करायला घेतला. आपल्या सोसायटीच्या दारात सकाळी येणारी बाई ही एका कामगार संघटनेने मागून घेतलेली सार्वजनिक सेवा आहे. याच बायकांनी शहराला वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायला शिकवले. उघड्या पॅडला हात लागू नये, ही मागणी कामगाराच्या आरोग्याची होती. तिचा लाभ सगळ्या शहराला झाला.

दूरचे एकच उदाहरण देते. अमेरिकेतील शिकागो शहरात ऑक्टोबर २०१९ मध्ये शिक्षकांच्या संघटनेने अकरा दिवस शाळा बंद ठेवल्या. पगारवाढ हा वादाचा भाग होताच, पण संघटनेने धरून ठेवलेल्या मागण्या होत्या प्रत्येक शाळेत परिचारिका, समाजसेविका आणि वर्गातील मुलांच्या संख्येवर मर्यादा. करारात टप्प्याटप्प्याने प्रत्येक शाळेत परिचारिका आणि समाजसेविका देण्याचे मान्य झाले. संपाच्या दिवसांत पालक शाळांबाहेर शिक्षकांच्या शेजारी उभे होते, कारण त्या मागण्या त्यांच्याही होत्या.

राहिले नगरसेवक. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर या महापालिकेत प्रदीर्घ काळ नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकांच्या हाती होता. त्या काळात शाळेचा नळ गळतो हे सभागृहात सांगायला कोणी नव्हते. नळ मात्र गळतच होता आणि तो रोज पाहणारे कामगार शाळेतच होते.

प्रश्न : आमचे गाव २०२१ मध्ये महापालिकेत आले आणि जिल्हा परिषदेची शाळा महापालिकेकडे गेली. इमारत जुनी आहे. आग विझवण्याचे नळकांडे भिंतीवर आहे, पण त्यावरील चिठ्ठी पुसट झाली आहे. इमारत सुरक्षित आहे की नाही, हे कोणाला विचारायचे? — एक पालक, समाविष्ट गावातून

उत्तर : महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ज्या इमारतीला ३० वर्षे झाली आहेत, तिची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते. अग्निसुरक्षेसाठी राज्याचा २००६ चा कायदा आहे. ज्या इमारतींना अग्निप्रतिबंधक यंत्रणा बंधनकारक आहे, तेथील यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे 'ब' नमुन्यातील प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये, असे दोनदा, सादर करायचे असते. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून दोन्ही प्रमाणपत्रांच्या प्रती मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवे.

२००४ मध्ये तमिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत आग लागून ९४ मुले गेली. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर १३ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतो असे सांगितले आणि प्रत्येक शाळेत अग्निशामक साधने असण्याचे व कर्मचाऱ्यांना ती वापरण्याचे प्रशिक्षण देण्याचे निर्देश दिले. अर्जात तिसरी ओळ म्हणून हे प्रशिक्षण कोणत्या कर्मचाऱ्यांना आणि कोणत्या दिनांकाला दिले, तेही विचारा. आणि अर्ज लिहिण्यापूर्वी शाळेच्या शिपायाला किंवा रखवालदाराला विचारा. नळकांडे शेवटचे कधी भरले, मागचे दार कोणत्या किल्लीने उघडते आणि ती किल्ली रात्री कोणाकडे असते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

प्रश्न : आम्ही हडपसर भागातील ठेका कामगारांचे मागणीपत्र तयार करीत आहोत. यंदा शाळांचे मुद्दे घालावेत, असे आमच्यातील बायकांनी सुचवले. पण वाटाघाटीत अधिकारी म्हणतात की हा तुमचा विषय नव्हे आणि पान उलटतात. हे मुद्दे टिकतील असे कसे लिहावेत? — एक संघटना कार्यकर्ता

उत्तर : बायकांनी सुचवले, हे वाचून समाधान वाटले. आपण पाठवलेला मसुदा पाहिला. त्यातील 'शाळा सुरक्षित कराव्यात' हे वाक्य काढून टाका. अधिकाऱ्याला ते मान्य करायला काहीच अडचण नाही आणि मान्य केल्यावर काही करावेही लागत नाही.

जो मुद्दा शाळेचा आहे, तो कामाच्या अटीच्या रूपात लिहा, म्हणजे तो तुमचा विषय नाही असे म्हणता येणार नाही. उदाहरणार्थ, प्रत्येक मजल्यावरील मुलींच्या स्वच्छतागृहात झाकणाची वेगळी बादली आणि पॅड गुंडाळण्यासाठी कागद असावा, कारण तो कचरा उचलताना कामगाराचा हात उघडा पडतो. रबरी हातमोजे आणि बूट पावसाळ्यापूर्वी मिळावेत. रखवालदार एकटा नसावा आणि पाळी बदलताना किल्ल्या व फाटकाची नोंद सहीनिशी दिली-घेतली जावी. मुकादमाच्या तक्त्यात चौथा रकाना असावा : आढळलेला दोष. तुटलेली कडी, उघडी वायर, बंद दिवा तेथे लिहिला जाईल, त्याची एक प्रत मुख्याध्यापकांकडे आणि एक शाळा व्यवस्थापन समितीकडे जाईल, आणि दोष लिहिल्याबद्दल कामगाराची बदली किंवा कपात होणार नाही. माझ्या मते या मागणीपत्रातील सर्वांत महत्त्वाचे कलम हेच ठरेल. वेतनवाढीच्या कलमाखाली ते शेवटी टाकू नका, वर घ्या. त्याला पैसाही जवळजवळ लागत नाही, त्यामुळे नाकारणाऱ्याला कारण सांगावे लागेल.

दुसरी गोष्ट वेळेची. ठेका एकदा दिला गेला की त्याची मुदत संपेपर्यंत अटी बदलत नाहीत. म्हणून हे मुद्दे निविदेच्या अटींत गेले पाहिजेत आणि निविदा निघण्याच्या आधी महापालिकेच्या हाती पडले पाहिजेत. चालू ठेक्याची मुदत कधी संपते, ते आजच शोधा. शिवाय या महापालिकेत २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेण्याची पद्धत आहे आणि त्यांचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयात भरता येतात. जिन्यातील दिवे, फाटकाबाहेरचा पदपथ, संरक्षक भिंतीची दुरुस्ती अशी कामे त्या अर्जांतून पालकांनी मागावीत आणि त्याच कामांचा उल्लेख आपल्या मागणीपत्रात असावा, म्हणजे एकच काम दोन बाजूंनी टेबलावर येईल.

संपाचा विचार असेल, तर नोटीस दिल्यापासून १४ दिवस थांबावे लागते. हे १४ दिवस पालकांकडे जाण्यासाठी वापरा. नोटिशीची प्रत प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीला द्या आणि तिच्या खाली स्पष्ट लिहा की मुलींची स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी आणि फाटक यांचे काम संपातही सुरू राहील. ते कोणत्या कामगार करतील, त्यांची यादी आधीच ठरवा. मुलांना मोर्चात किंवा धरण्याला आणू नका, एकाही फोटोसाठी आणू नका.

मसुदा पूर्ण झाला की तो वकिलाकडे नेण्यापूर्वी एखाद्या शाळेच्या फाटकाशी सकाळी मुलीला सोडायला आलेल्या चार-पाच आयांना वाचून दाखवा. त्या जिथे थांबवून 'म्हणजे काय?' असे विचारतील, ते कलम त्यांच्या शब्दांत पुन्हा लिहा आणि मग त्यांनाही सही करायला सांगा.